मुशीचं रक्त आणि दिवाणखान्यातली टाकी

मुशी शिळी असली की लपत नाही. कालवण उकळू लागलं की नाकात झोंबणारा वास घरभर पसरतो, थेट अमोनियाचा. म्हणून कोकणात मुशी ताजी बघूनच घेतात. मालवणकडे हिलाच मोरी म्हणतात. बांगडा किंवा सुरमई शिळी झाली तर वास येतोच, पण असा नाही. मुशी म्हणजे शार्क. या वासाचं कारण शार्कच्या रक्तात आहे आणि घरात शार्क पाळता येईल का, या प्रश्नाचं बरंचसं उत्तरही तिथेच सापडतं.

समुद्रातल्या बहुतेक हाडाच्या माशांचं, म्हणजे बांगडा-सुरमईसारख्यांचं, रक्त समुद्राच्या पाण्यापेक्षा बरंच कमी खारट असतं. त्यामुळे त्यांच्या शरीरातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. ते भरून काढायला हे मासे समुद्राचं पाणी पितात आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकून देतात. शार्कची रीत निराळी. आपण लघवीतून जो युरिया बाहेर टाकतो, तो शार्क रक्तात साठवून ठेवतो, तोही आपल्या रक्तातल्या प्रमाणापेक्षा 50 पटींहून जास्त. इतका युरिया प्रथिनांना बाधतो, म्हणून उतारा म्हणून टीएमएओ नावाचं आणखी एक संयुग सोबत असतं. या दोघांमुळे शार्कच्या रक्ताची तीव्रता समुद्राच्या पाण्याइतकी, किंबहुना किंचित जास्तच राहते आणि पाणी बाहेर ओढलं जाण्याचा प्रश्नच उरत नाही. मासा मेला की जिवाणू याच युरियाचा अमोनिया करतात. स्वयंपाकघरात येतो तो हा वास.

असा प्राणी गोड्या पाण्यात सोडला तर बाहेरचं पाणी त्याच्या अंगात शिरत राहील. बुल शार्क नद्यांमध्ये शिरतो खरा, पण त्यासाठी तो रक्तातला युरिया कमी करतो आणि भरपूर पातळ लघवी टाकत राहतो. असे अपवाद मोजके आहेत. त्यामुळे मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा तुमच्या गावच्या दुकानात नळाच्या पाण्याच्या टाकीत ‘शार्क’ म्हणून जे चमकतं पिल्लू मिळतं, ते शार्क नसतं. तो बहुतेकदा पंगस असतो, मार्जारमाशांपैकी (कॅटफिश) एक. आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांमधला हा मासा सव्वा मीटरपर्यंत वाढू शकतो आणि नदीतून शेकडो किलोमीटर स्थलांतर करतो. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तोही बहुधा हाच. ‘बाला शार्क’ आणि ‘रेड टेल शार्क’ ही तर रोहू-कटल्याच्या गोतावळ्यातली मंडळी. कल्ल्यांवरचं झाकण पाहिलं की ओळख पटते. खऱ्या शार्कला झाकण नसतं, दोन्ही बाजूंना पाच ते सात उघड्या फटी असतात.

खरा शार्क पाळायचाच तर शौकीन लोक बांबू शार्क निवडतात. याची एक जात, करडा बांबू शार्क, आपल्याच पश्चिम किनाऱ्यालगत राहते. दिवसा खडकाच्या कपारीत पडून राहायचं आणि रात्री खेकडे-कोळंबी शोधत हिंडायचं, असा याचा दिनक्रम. श्वासासाठी त्याला पोहत राहावं लागत नाही. तळाशी पडल्या पडल्या तो तोंडात पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडतो. मोठ्या पांढऱ्या शार्कला हे जमत नाही, त्याला सतत पुढे जात राहावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे मत्स्यालयात 2004 मध्ये आणलेला असा एक शार्क 198 दिवस राहिला, तोही सुमारे 38 लाख लिटरच्या टाकीत. 2005 च्या मार्चमध्ये त्याला समुद्रात परत सोडावं लागलं, कारण त्याने सोबतचे दोन शार्क मारले होते.

बांबू शार्कची अंडी विकत मिळतात, म्हणून मोह होतो. चामड्यासारख्या कोषातून चारेक महिन्यांनी वीतभराहून लहान, पट्टेरी पिल्लू बाहेर येतं. इतकं देखणं, की ते पाहिल्यावर घरी न्यावंसं वाटणारच. पण ते जातीप्रमाणे अडीच ते तीन फूट वाढणार आणि वीसेक वर्षं जगू शकणार. त्याला वळायला जागा हवी तर निदान आठ फूट बाय चार फूट तळ आणि दोन फूट पाणी, म्हणजे सुमारे 1,800 लिटर. लिटरला 35 ग्रॅम धरले तर सुरुवातीलाच 63 किलो मीठ लागतं. आणि वजन? दर चौरस मीटरवर 600 किलोंच्या वर. आपल्याकडे राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलोंचा भार धरून आखतात. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ही टाकी ठेवायचा विचारही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नये.

जागेपेक्षा अवघड आहे ती रसायनं. शार्क कल्ल्यांवाटे युरिया सोडत राहतो, शिवाय खातोही भरपूर. फिल्टरमधले जिवाणू त्या युरियाचा अमोनिया, अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात. पहिले दोन टप्पे पटकन जीव घेतात. नायट्रेट सौम्य समजलं जातं, पण मला सगळ्यात वाईट वाटतं ते त्याचंच. पाण्यात नायट्रेट वाढलं की शार्कच्या थायरॉइडला आयोडीन शोषता येत नाही आणि घशाखाली गाठ वाढू लागते. गलगंड, अगदी माणसाला होतो तसाच. समुद्रात नायट्रेट इतकं विरळ असतं, की या प्राण्याला त्याच्याशी झगडायची वेळच आलेली नसते. उपाय म्हणजे सतत पाणी बदलणं आणि आयोडीन देणं. 1,800 लिटरचा पाचवा भाग बदलायचा तर दर वेळी 360 लिटर खारं पाणी तयार करा. सोबतच्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला तर नेहमीचं तांब्याचं औषध टाकीत घालता येत नाही, कारण शार्कला तांबं विषारी ठरतं. उघडा हीटर असेल तर शार्क त्याला टेकून पडतो आणि भाजतो.

ज्यांच्याकडे आधीच दुकानातला ‘शार्क’ म्हणजे पंगस आहे आणि तो टाकीच्या काचेवर नाक आपटू लागला आहे, त्यांनी तो नदीत किंवा तलावात सोडू नये. आपल्या पाण्यात तो परका आहे. स्थानिक माशांना त्याचा आणि त्याच्यासोबत येणाऱ्या रोगांचा त्रास होऊ शकतो. दुकानदार परत घेतो का ते विचारावं, किंवा मोठं तळं बाळगणारा मत्स्यपालक शोधावा. तोवर खाणं मोजकं ठेवावं, दर आठवड्याला पाणी बदलावं आणि टाकी शांत जागी ठेवावी. पंगस बुजरा असतो. दचकला की काचेवर धडकतो आणि तोंड फोडून घेतो.