टोटेम स्तंभ आणि त्याची बालहस्तकला

उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील मूलनिवासी समाज सीडरच्या अखंड खोडावर एकावर एक आकृती कोरून जो खांब उभारतात, तो टोटेम स्तंभ. आग्नेय अलास्कापासून कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यापर्यंत ट्लिंगिट, हैदा, त्सिमशियन, निस्गा, हाइस्ला, क्वाक्वाकावाक्व अशा अनेक समाजांत ही कला आहे आणि प्रत्येकाची धाटणी वेगळी आहे. पुठ्ठ्याची नळी, रंगीत कागद आणि डिंक वापरून मुलांकडून त्याची छोटी प्रतिकृती करून घेणे हा अमेरिका-कॅनडातील शाळा व उन्हाळी शिबिरांचा जुना उपक्रम. स्वस्त, सोपा आणि देखणा असल्याने तो सर्वदूर पसरला. अर्थ मात्र बहुतेक वेळा वाटेतच गळाला.

खांबासाठी वापरतात तो लाल सीडर आपल्याकडे बागेत लावतात त्या मोरपंखीच्या कुळातला, पण उंचीने ५०-६० मीटरपर्यंत जाणारा. लाकूड हलके, सरळ रेषांचे आणि लवकर न कुजणारे. तरीही त्या पावसाळी हवेत खांब साधारण शंभर वर्षांत जीर्ण होतो. पडलेला खांब तसाच मातीत मिळू द्यावा, अशी जुनी रीत. हैदा ग्वाई द्वीपसमूहातील सगांग ग्वाय या ओस पडलेल्या गावातले खांब असेच हळूहळू झिजत आहेत. १९८१ मध्ये युनेस्कोने ते स्थळ जागतिक वारसा यादीत घेतले.

खांबावरचे डोमकावळा, गरुड, अस्वल, लांडगा, बीव्हर (झाडे कुरतडून पाण्याला बांध घालणारा प्राणी), किलर व्हेल हे देव नाहीत आणि त्यांची पूजा होत नाही. मिशनऱ्यांनी त्यांना मूर्ती ठरवले, हा त्यांचा गैरसमज. ती कुळांची चिन्हे आहेत. पूर्वजाला अमुक प्राणी कुठे भेटला, त्याने काय दिले, यांच्या कथा कुळाकडे असतात आणि त्या कथेबरोबर आकृती कोरण्याचा हक्कही येतो. हा हक्क वारशाने मिळतो. दुसऱ्या कुळाची आकृती विनापरवानगी कोरणे म्हणजे चोरी. हैदा समाज डोमकावळा आणि गरुड अशा दोन भागांत विभागलेला आहे. रूढीने लग्न पलीकडच्या भागातच होते आणि मूल आईच्या कुळाचे मानले जाते. मराठी वाचकाला येथे देवक आठवेल: समान देवकाच्या घरांत सोयरीक न करण्याचा नियम याच जातीचा. फरक एवढाच की देवकाची लग्नात प्रतिष्ठा करून पूजा होते, खांबावरच्या अस्वलाची होत नाही.

खांब घराच्या दर्शनी बाजूला असतो, छत पेलणारा आतला असतो, मृत प्रमुखाच्या स्मरणार्थ असतो. काही हैदा खांबांच्या माथ्यावर तर अस्थींची पेटी ठेवत. कर्ज बुडवणाऱ्याची किंवा शब्द मोडणाऱ्याची चारचौघांत लाज काढण्यासाठीही खांब उभारत. सर्वांत वरची आकृती सर्वांत थोर, ही समजूत बाहेरच्यांची. कित्येक खांबांवर तळाच्या, डोळ्यांसमोर येणाऱ्या आकृतीवरच सर्वाधिक मेहनत घेतलेली दिसते.

खांब उभारण्याचा सोहळा म्हणजे पॉटलॅच. यजमान कूळ आपली कथा आणि हक्क जाहीर करते, पाहुण्यांना भेटी देते आणि भेट स्वीकारणारा त्या हक्काचा साक्षीदार होतो. कॅनडा सरकारने १८८५ ते १९५१ या काळात पॉटलॅचवर कायद्याने बंदी घातली होती. १८६२ च्या देवीच्या साथीने गावेच्या गावे आधीच रिकामी केली होती. उरलेले खांब संग्रहालयांनी आणि हौशी लोकांनी नेले. हाइस्लांचा १८७२ चा ग्प्सगोलॉक्स स्तंभ १९२९ मध्ये स्वीडनला गेला आणि २००६ मध्ये परत आला. कला मात्र तगली. मंगो मार्टिन, बिल रीड यांच्यासारख्या कारागिरांनी ती पुढच्या पिढीकडे दिली आणि १९६९ मध्ये रॉबर्ट डेव्हिडसन यांचा स्तंभ ओल्ड मॅसेट या हैदा गावात उभा राहिला.

आता हस्तकला. सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे किचन टॉवेलच्या गुंडाळीची रिकामी नळी. नळीवर थेट चित्र काढायला गेले की हात घसरतो, म्हणून कागद सपाट असतानाच काढून, रंगवून मग गुंडाळावा. चार सेंटिमीटर जाडीच्या नळीला साडेबारा सेंटिमीटरचा वेढा लागतो. चिकटवण्यासाठी वर एक सेंटिमीटर ठेवावा. आकृती पुढच्या अर्ध्या भागातच काढाव्यात. मोठे खांबही बरेचदा पुढूनच कोरतात आणि पाठीमागून पोखरून हलके करतात. चेहरे डावीकडे-उजवीकडे सारखे असतात, त्यामुळे कागद मधोमध दुमडून डोळे आणि कान कापले तर काम निम्मे होते. आधी काळ्या रंगाच्या जाड बाह्यरेषा, मग लाल, शेवटी जमल्यास हिरवट निळा. मूळ रंगसंगती हीच. चोच किंवा पंख वेगळ्या पुठ्ठ्याचे करून खाचेत बसवावेत. खऱ्या खांबांवरही बाहेर आलेले भाग वेगळे जोडतात. तळाशी मूठभर खडे भरले की नळी आडवी होत नाही.

प्राणी ओळखायच्या खुणा मुलांना फार आवडतात. डोमकावळ्याची चोच सरळ, गरुडाची वाकडी. बीव्हरचे पुढचे दोन दात मोठे आणि शेपटीवर जाळी. किलर व्हेलच्या पाठीवर उंच पर. बेडकाचे तोंड रुंद आणि बिनदातांचे. पंख पसरलेला गर्जनपक्षी, म्हणजे मेघगर्जना करणारा कथांमधला महापक्षी, माथ्यावर बसवण्याची शाळकरी सवय मुख्यतः क्वाक्वाकावाक्व शैलीतून आली आहे. हैदा खांबावर आकृती खोडाच्या गोलाईत घट्ट बसवलेल्या असतात.

‘तुझा आवडता प्राणी निवड’ या सूचनेपासून सुरुवात करणे हा या उपक्रमाचा खरा दोष. ज्या कलेत आकृती निवडता येत नाही, वारशाने मिळते, ती निवडीचा खेळ होऊन बसते. तंबू, पिसांचे मुकुट आणि टोटेम स्तंभ एकाच चित्रात कोंबणेही तितकेच चुकीचे. तंबू आणि पिसांचे मुकुट मैदानी प्रदेशातील समाजांचे, आणि त्यांनी असे खांब उभारले नाहीत. मूलनिवासी शिक्षकांचा या हस्तकलेवरील आक्षेप बराचसा याच ढिलाईवर आहे.

म्हणून आधी एखाद्या नाव असलेल्या खांबाचे छायाचित्र घेऊन तो कोणत्या समाजाचा, कोणाचा, कशासाठी उभारला हे वाचावे. हातकाम करताना त्या कुळाची चिन्हे उतरवण्याऐवजी मुलांनी घरी आजी-आजोबांना विचारून आपल्याच घराण्यातली एखादी गोष्ट आणावी: स्थलांतर, पूर, पहिली नोकरी, बैलजोडी. तिच्यासाठी स्वतःची आकृती घडवावी आणि खांबाला ‘आमच्या घराचा कथास्तंभ’ म्हणावे. वर्गात खांब उभा करताना प्रत्येकाने आपली गोष्ट मोठ्याने सांगावी आणि ऐकणाऱ्यांना चिंच-गुळाची गोळी का होईना, काहीतरी द्यावे. ऐकून घेणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, हा पॉटलॅचचा नियम मुलांना एका दुपारीत कळतो.