ग्रुप फोटोच्या पाठीवरची नावे

गेल्या काही वर्षांत दिवाळीच्या सुमारास आमच्या भागात एक गोष्ट नेमाने घडू लागली आहे. भाऊबीजेला माहेरी आलेली पन्नाशी-साठीची एखादी बाई आईच्या लोखंडी पेटीतून शाळेचा जुना फोटो बाहेर काढते, अंगणातल्या उजेडात मोबाइलवर त्याचा फोटो घेते आणि मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवते. रात्रीच्या जेवणापर्यंत नागपूर, हैदराबाद, भिलाई, आदिलाबाद अशा ठिकाणांहून उत्तरे येऊ लागतात. दुसऱ्या रांगेतली मी, माझ्या शेजारी मंदा, पण मंदा कोणती, कारण वर्गात मंदा तीन होत्या. शाळा सिस्टरांनी चालवलेली, मुलींची. या फोटोंच्या देवाणघेवाणीला आज जे रूप आले आहे, त्यामागे विदर्भातील मिशनच्या शाळांचा, खेड्यातील छायाचित्रणाचा आणि मुख्यतः लग्नानंतर बदलणाऱ्या नावांचा इतिहास आहे.

सुरुवातीलाच एका शब्दाचा उलगडा करायला हवा. विदर्भात आज ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे कोणतीही इंग्रजी माध्यमाची बालवाडी किंवा प्राथमिक शाळा. तिचा धर्माशी वा सिस्टरांशी संबंध असेलच असे नाही. मूळ अर्थ मात्र धर्मभगिनींचा मठ असा आहे, आणि मठाला जोडून चालणारी मुलींची शाळा ती कॉन्व्हेंट शाळा. आमच्या गावात आम्ही तिला साधेपणाने ‘सिस्टरांची शाळा’ म्हणत असू. ती मराठी माध्यमाची होती.

या शाळा विदर्भात आल्या त्या पूर्वेकडून. ॲनसी हे गाव आज फ्रान्समध्ये असले, तरी त्या काळी सॅव्हॉयमध्ये होते. तिथल्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे मिशनरी १८४६ मध्ये विशाखापट्टणमला उतरले, आणि त्याच गावच्या सेंट जोसेफ संघाच्या सिस्टर १८४९ मध्ये यानमला आल्या. विशाखापट्टणमच्या मिशनचे कार्यक्षेत्र थेट नागपूरपर्यंत पसरलेले होते. नागपूरजवळच्या कामठीला १८२१ मध्ये उभी राहिलेली छावणी मद्रास फौजेची होती आणि तिथे आयरिश कॅथलिक सैनिक असत. त्यामुळे मिशनचे पाऊल आधी छावणीत पडले, मग शहरात. १८६७ मध्ये मुंबईहून आलेली रेल्वे नागपूरला पोहोचल्यावर रेल्वेतील ख्रिस्ती कुटुंबांची भर पडली, १८७० मध्ये नागपुरात सेंट फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाची शाळा निघाली आणि १८८७ मध्ये नागपूरचे स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतले क्षेत्र, झाले. कामठी आणि नागपूर येथील सेंट जोसेफ कॉन्व्हेंट ही नावे याच परंपरेतली आहेत.

खेड्यापाड्यातील मुलींपर्यंत हे शिक्षण पोहोचायला मात्र आणखी बराच काळ गेला. १९५५ मध्ये अमरावतीचे धर्मप्रांत वेगळे झाले. १९६२ मध्ये चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, येथे सिरो-मलबार चर्चचे, म्हणजे केरळमधील एका जुन्या कॅथलिक परंपरेच्या चर्चचे, मिशन स्थापन झाले आणि ते कार्मेलाइट संघाच्या फादरांकडे सोपवण्यात आले. केरळबाहेर या चर्चला मिळालेले हे पहिलेच मिशनक्षेत्र होते, आणि त्यात चंद्रपूरसह वर्धा व त्या वेळचा आदिलाबाद जिल्हाही येत होता. माझ्या दृष्टीने आमच्या आठवणींचा खरा प्रारंभ हाच आहे. यानंतर तालुक्याच्या गावात, कोळशाच्या खाणींजवळ, जंगलाच्या कडेला केरळमधून आलेल्या तरुण सिस्टर दिसू लागल्या. एक कौलारू घर, त्यात दवाखाना, बाजूला शाळा आणि मागे बोर्डिंग, अशी साधारण मांडणी असे. आमच्या शाळेत ख्रिस्ती मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. बाकी आम्ही कुणबी, तेली, माळी, बौद्ध, गोंड, मुसलमान अशा सगळ्या घरांतल्या. मुलीला मुलांच्या शाळेत बसवायचे नाही, पण शिकवायचे आहे, अशा बापांना सिस्टरांच्या भिंतीआडची शाळा हा तोडगा वाटला. वरोरा, हिंगणघाट, वणीकडच्या खेड्यांतून मुली येत आणि शनिवारी मुक्कामी एस.टी.ने गावी जात.

भाषेची एक आठवण इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठीतला ‘ळ’ परप्रांतीयांना जड जातो असे म्हणतात, पण मल्याळममध्ये तो आहेच, त्यामुळे सिस्टर ‘डोळा’ स्वच्छ म्हणत, आणि आम्ही वऱ्हाडी बोलणाऱ्या मुली ‘डोया’ म्हणत असू. शुद्धलेखनाच्या तासाला आमची मराठी केरळच्या बाईंनी सुधारली, हे आम्ही आजही अभिमानाने सांगतो.

आता फोटोंविषयी. आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या मुलीचा लग्नापूर्वीचा फोटो म्हणजे बहुधा शाळेचा ग्रुप फोटो. घरात कॅमेरा नव्हता. शाळेत एखाद्या फादरांकडे किंवा शिक्षिकेच्या भावाकडे बडोद्यात तयार होणारा ॲग्फा क्लिक थ्री असे, आणि त्याच्या एका रोलवर बाराच फोटो निघत. बारांपैकी किती फोटो बिशपांच्या भेटीत आणि किती गॅदरिंगच्या नाचात खर्च करायचे, हे आधी ठरत असे. वर्गाचा फोटो काढायला तालुक्याच्या स्टुडिओतून फोटोग्राफर येत. तिकाटण्यावर कॅमेरा, डोक्यावर काळे कापड, आणि ‘हलू नका’ एवढीच सूचना. प्रत जाड राखाडी पुठ्ठ्यावर चिकटवून मिळे आणि ज्यांनी आगाऊ पैसे भरले त्यांनाच मिळे. वर्गातल्या निम्म्या मुलींनी ते भरले नव्हते. म्हणजे फोटोत आपण आहोत, पण फोटो आपल्याकडे नाही, अशी स्थिती अनेकींची चाळीस-पंचेचाळीस वर्षे होती. आज फोटो पाठवल्यावर एखादी मैत्रीण ‘मी हा पहिल्यांदाच पाहते आहे’ असे लिहिते, त्याचे कारण हे आहे.

माझ्यासमोर या क्षणी आमचा दहावी ‘अ’चा १९७९-८० चा फोटो आहे. पहिली रांग सतरंजीवर मांडी घालून बसलेली, मधल्या मुलीच्या हातात पाटी आणि पाटीवर खडूने वर्ग व साल. दुसऱ्या रांगेत खुर्च्यांवर सिस्टर आणि शिक्षिका. मागच्या मुली बाकांवर उभ्या. सगळ्यांच्या दोन वेण्या, वर बांधलेल्या, रिबिनी लाल होत्या हे काळ्यापांढऱ्या फोटोत दिसत नाही, ते आम्हीच सांगू शकतो. फोटोत आणखीही एक गोष्ट दिसत नाही. पांढरे कॅन्व्हसचे बूट ज्यांच्याकडे नव्हते त्या मुलींना मागच्या बाकावर उभे केले होते, म्हणजे पाय झाकले जातील. हे आमच्या सिस्टरांनी कुणालाही न सांगता, उंचीचे निमित्त करून केले. मला ते पंचवीस वर्षांनी उमगले.

फोटोचे साल ओळखण्याच्याही खुणा आहेत. पाटीवर अकरावी मॅट्रिक असेल तर तो जुना, कारण महाराष्ट्रात दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली. पत्त्यात ‘जि. चांदा’ असेल तर तो चंद्रपूर हे नाव रूढ होण्याआधीच्या वळणाचा. सिस्टरांचा वेश ही आणखी एक खूण. १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर धर्मसंघांना आपले नियम आणि पोशाख काळानुरूप बदलण्याची मोकळीक मिळाली. कपाळ आणि हनुवटीभोवती घट्ट पांढरे कापड असलेला जुना झगा हळूहळू गेला, डोक्यावर साधे आच्छादन (व्हेल) आले, आणि पुढे पुष्कळ सिस्टर साडी नेसू लागल्या.

सर्वांत अवघड भाग नावांचा. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचे नवे नाव लिहितो. आडनाव तर बदलतेच, पण आमच्या पिढीत पहिले नावही सर्रास बदलले गेले. शाळेतली शोभा सासरी वैशाली झाली, आणि सासरच्या गावाला ती शोभा होती याचा पत्ताच नाही. मतदार यादीत, रेशन कार्डात, बँकेत सगळीकडे नवे नाव. जुने नाव उरले ते तीन ठिकाणी: माहेरच्यांच्या तोंडात, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आणि ग्रुप फोटोच्या पाठीवर. मुलांच्या शाळेचे माजी विद्यार्थी एकमेकांना नावावरून शोधू शकतात. आम्हाला आधी नाव शोधावे लागते आणि मग माणूस.

ज्या सिस्टर खुर्चीवर मधोमध बसल्या आहेत, त्यांचीही गोष्ट वेगळी नव्हती. व्रत घेताना जुन्या रीतीप्रमाणे सिस्टरांनाही घरचे नाव सोडून संघातले नाव घ्यावे लागे, आणि आमच्या सिस्टर त्या रीतीतल्या होत्या. त्यांना घरी काय म्हणत असत हे आम्हाला शाळेत असताना कधी कळले नाही आणि विचारण्याची हिंमतही झाली नाही. शिवाय त्यांच्या बदल्या होत, आणि जाताना एक पेटी सोबत नेत. त्यामुळे आमच्या अल्बमांमध्ये त्यांचे जे फोटो आहेत, ते खुद्द त्यांच्याकडे नाहीत.

काही मुली नववीच्या फोटोत आहेत आणि दहावीच्या फोटोत नाहीत. मुलीच्या लग्नाचे किमान वय १९७८ च्या दुरुस्तीने पंधरावरून अठरा झाले होते, पण कायदा आमच्या गावांपर्यंत पोहोचायला उशीर लागला. या मुलींचे पत्ते मिळवणे सर्वांत कठीण गेले, कारण निरोप समारंभात जी ऑटोग्राफची वही फिरते, तिच्यात त्यांचे पान नव्हते.

पूर्वी मैत्रिणींना धरून ठेवणारे साधन आंतरदेशीय पत्र हेच होते, आणि सासरी गेल्यावर एक-दोन वर्षांत ते थांबे. पत्र आले की घरातले आधी वाचत. मोबाइल आले तेव्हाही बहुतेक घरांत तो नवऱ्याच्या खिशात होता. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हा मुलांनी आपले जुने स्मार्टफोन आयांना दिले. खेड्यातल्या माजी विद्यार्थिनी एकमेकींना सापडू लागल्या त्या त्यानंतर. आमचा ग्रुप पाच जणींनी सुरू झाला. एकीची नणंद दुसरीच्या गावात दिलेली, तिसरीचा भाऊ चौथीच्या तालुक्यात ग्रामसेवक, अशा नात्यागोत्याच्या धाग्यांनी तो वाढला.

फोटो मात्र वाट पाहत बसले नव्हते. काळ्यापांढऱ्या फोटोंच्या गडद भागांवर कडेने चांदीसारखी निळसर चकाकी आली आहे. ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो तांबूस झाले आहेत. सर्वांत जास्त नुकसान चिकट पानांच्या प्लॅस्टिक अल्बमांनी केले, ज्यांत फोटो सुरक्षित राहतील असे आम्हाला वाटले होते. त्यातून फोटो ओढून काढू नये, पानासकटच त्याचा फोटो घ्यावा, सावलीत आणि फ्लॅश न लावता, आणि पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, नाही तर चेहरे पुसट होतात. पाठीचाही फोटो घ्यावा, हे मी प्रत्येकीला पुन्हा पुन्हा सांगते. पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो आणि नावे असतात. आणि एखादीने माझा फोटो टाकू नका म्हटले, तर कारण न विचारता तो काढून टाकावा. आमच्यात अशा दोघी आहेत.

आमच्या दहावीच्या फोटोची नावे लिहिलेली प्रत एकीकडेच होती. तिने ती निळ्या शाईच्या पेनने लिहिली होती. एका पावसाळ्यात कौलांतून पाणी गळले आणि उजवीकडची नावे वाहून गेली. शाळेतले त्या वर्षांचे रजिस्टर वाळवीने खाल्ले होते. शेवटी त्या फोटोची मोठी प्रत काढून आम्ही ती आमच्या वर्गशिक्षिका असलेल्या सिस्टरांना पोस्टाने पाठवली. त्या आता केरळमध्ये, संघाच्या वृद्ध सिस्टरांच्या घरी असतात. दीड महिन्याने प्रत परत आली. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी प्रथमच आपले घरचे नाव लिहिले होते. फोटोवर उजवीकडच्या चेहऱ्यांखाली पेन्सिलीने, थरथरत्या पण वळणदार मराठीत, सात मुलींची नावे होती, तीही लग्नाआधीची, वडिलांच्या नावासह आणि गावासह. मागच्या बाकावरच्या शेवटच्या मुलीचे नाव त्यांनाही आठवले नाही. तिच्याखाली त्यांनी लिहिले आहे : ‘सकाळची घंटा ही वाजवायची.’