ग्रीस फासलं की थंडी वाजत नाही?

इंग्लिश खाडी पोहणाऱ्यांचे जुने फोटो पाहिले की अंगभर चोपडलेलं ग्रीस दिसतं. १८७५ मध्ये खाडी पार करणारा कॅप्टन मॅथ्यू वेब अंगाला पॉरपॉइज माशाचं (खरं तर तो मासा नव्हे, सस्तन प्राणी) तेल लावून उतरला होता. त्यावरून समज रुजला तो असा, की चरबीचा थर थंडी अडवतो.

अडवत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून नेतं. त्यापुढे मिलिमीटरभर लेपाचा काय पाड लागणार? ऊब टिकते ती त्वचेखालच्या चरबीमुळे आणि सतत चालणाऱ्या स्नायूंमुळे; थंडी सोसवते ती सवयीमुळे. थंड पाण्यात पुन्हा पुन्हा उतरलं की पाण्यात शिरताच पहिल्या मिनिटांत लागणारी धाप कमी होत जाते. म्हणून तर खाडीसाठी नाव नोंदवताना १६ अंश सेल्सियस किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहल्याचा दाखला मागतात. डबाभर ग्रीस आणलंय का, हे कुणी विचारत नाही.

मग आजही लावतात कशाला? घासू नये म्हणून. काख, मान, मांड्या, पोशाखाच्या कडा. खारट पाण्यात हजारो वेळा हात फिरला की तिथली कातडी सोलवटते. लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण) किंवा पेट्रोलियम जेली तेवढ्याच जागी पुरते. लावायला मात्र दुसऱ्याला सांगा: बोटांना लागलेला चिकटा गॉगलवर गेला, की पुढचे कित्येक तास सगळं धुकट.