पाठीवर फक्त नंबर: गेलिक खेळांतल्या जर्सीवरच्या नावाच्या वादाची पार्श्वभूमी

हर्लिंग या आयरिश काठी-चेंडूच्या खेळाची ऑल-आयर्लंड, म्हणजे देशपातळीवरची, फायनल बघायला डब्लिनच्या क्रोक पार्कवर 82,000 माणसं बसतात. मैदानावर तीस खेळाडू, प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट आणि तोंडासमोर जाळी. जर्सीच्या छातीवर प्रायोजक कंपनीचं नाव ठसठशीत अक्षरांत. काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं, बोधचिन्ह आहे, जर्सी शिवणाऱ्याचा शिक्का आहे. पाठीवर मात्र नुसता नंबर. जो खेळतोय त्याचं नाव कुठेच नाही. ते असावं की नसावं, यावर आयर्लंडमध्ये अधूनमधून वाद झडतो. बाहेरच्याला तो किरकोळ वाटेल, पण त्याच्या मुळाशी सव्वाशेहून जास्त वर्षांचा इतिहास आहे.

गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, ही संस्था 1 नोव्हेंबर 1884 रोजी टिपररी काउंटीतल्या थर्ल्स गावी, हेज हॉटेलात स्थापन झाली. मायकेल क्युसॅक आणि मॉरिस डॅव्हिन हे तिचे मुख्य प्रवर्तक. देश ब्रिटिश सत्तेखाली होता. इंग्रजांच्या खेळांपुढे आपले खेळ मागे पडताहेत, ते वाचवले पाहिजेत, हा हेतू. लाकडी काठीने खेळायचं हर्लिंग आणि हातापायांनी खेळायचं गेलिक फुटबॉल हे तिचे दोन मुख्य खेळ. खेळाडूंना आजही पगार नाही. 80,000 लोकांसमोर रविवारी फायनल खेळलेला माणूस सोमवारी शाळेत शिकवायला, शेतावर किंवा बँकेत हजर.

सुरुवातीच्या काळात काउंटीचा म्हणून निवडलेला संघच नव्हता. काउंटीत जो क्लब जिंकेल तो काउंटीच्या वतीने उतरायचा. 1887 ची पहिली हर्लिंग फायनल प्रत्यक्षात 1 एप्रिल 1888 ला बर गावात झाली, ती थर्ल्स आणि मीलिक या दोन क्लबांमध्ये. म्हणजे गाव विरुद्ध गाव. तेव्हा एका बाजूला 21 खेळाडू असत. ते पुढे 17 झाले आणि 1913 मध्ये 15. काउंट्यांचे रंग कायमचे ठरले तेही त्याच सुमारास.

क्लब पॅरिशचा असतो. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. ज्या पॅरिशमध्ये वाढलात त्याच क्लबकडून आणि त्याच काउंटीकडून खेळायचं, हा दंडक आजही बऱ्याच अंशी पाळला जातो. खेळाडूंची खरेदी-विक्री नाही. अशा ठिकाणी कुंपणाला टेकून सामना बघणाऱ्याला पाठीवरच्या नावाची काय गरज? पळायच्या ढबीवरून तो सांगतो की हा अमक्याचा धाकटा, आणि याचे आजोबा असेच डाव्या पायाने मारायचे. आपल्याकडे गावच्या कबड्डीत असंच असतं. नावं छापावी लागली नाहीत, कारण ती सगळ्यांना पाठ होती.

पण ओळख हा एवढा गोड मामला नेहमीच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून 1971 पर्यंत जीएएने आपल्या सदस्यांवर 'परकीय' खेळांची बंदी घातली होती. सॉकर, रग्बी, हॉकी, क्रिकेट खेळायचं नाही, इतकंच काय, बघायलाही जायचं नाही. कोण जातंय यावर पाळत ठेवायला समित्या होत्या. 1938 मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड पदाचं कर्तव्य म्हणून आयर्लंड-पोलंड सॉकर सामन्याला हजर राहिले, तर जीएएने त्यांना आपल्या आश्रयदात्यांच्या यादीतून काढून टाकलं. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी ज्याने हयात घालवली त्याच माणसाला! केरी काउंटीचा मॉस कीन कॉलेजात असताना चोरून रग्बी खेळायचा तो 'मॉस फेंटन' या खोट्या नावाने. पुढे तो आयर्लंडच्या रग्बी संघाचा नामांकित खेळाडू झाला. ज्या काळात नाव लपवण्यात शहाणपण होतं, त्या काळात कोणी ते पाठीवर मिरवण्याची मागणी करेल, ही अपेक्षाच चुकीची.

नंबरांची गोष्ट वेगळी. गेलिक खेळांत नंबर हा माणसाचा नसतो, जागेचा असतो. 1 गोलकीपर, 3 फुल बॅक, 6 सेंटर हाफ बॅक, 8 आणि 9 मिडफिल्ड, 11 सेंटर हाफ फॉरवर्ड, 14 फुल फॉरवर्ड. फायनलच्या आधी दोन्ही संघ आर्टेन बँडच्या मागून मैदानाला फेरी मारतात, तेही साधारण याच क्रमाने. एखाद्या काउंटीत '14 नंबर कोणाला?' हा प्रश्न महिनाभर चघळला जातो, कारण ती जर्सी आधी कोणकोणाच्या अंगावर होती हे लोकांच्या लक्षात असतं. जर्सी तुमची नाही, तुम्ही काही वर्षं ती सांभाळता, हा विचार इथे नुसता भाषणापुरता नाही. क्लब पातळीवर तर तो शब्दशः खरा आहे. जर्सींचा अख्खा संच क्लबच्या मालकीचा, एका मोठ्या बॅगेत. सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये एकेक नंबर पुकारून वाटायचा, सामना झाला की घामाचिखलासकट परत त्याच बॅगेत. मग कोणाच्या तरी घरी धुण्याची पाळी.

नाव सांगायचं काम होतं आवाजाचं आणि कागदाचं. 29 ऑगस्ट 1926 ला किलकेनी आणि गॉलवे या काउंट्यांमधल्या हर्लिंग उपांत्य सामन्याचं रेडिओवरून थेट वर्णन झालं. मैदानी खेळाचं थेट प्रक्षेपण युरोपात पहिल्यांदा झालं ते हेच, असं मानतात. पुढे मीहॉल ओ'हेहिर या समालोचकाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या डोक्यात ही नावं कोरली. 1947 ची फुटबॉल फायनल न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झाली. सामना लांबला, रेडिओची आरक्षित वेळ संपत आली, तेव्हा ओ'हेहिरने अजून पाच मिनिटं लाइन चालू ठेवा म्हणून थेट प्रक्षेपणातच विनवण्या केल्या. मैदानात बसलेल्यांसाठी छापील कार्यक्रमपत्रिका असायची आणि आजही असते. त्यात प्रत्येक नंबरासमोर नाव, आयरिश आणि इंग्रजी अशा दोन्ही रूपांत. 1962 पासून टीव्ही आला, तरी नावं समालोचकच सांगत राहिला.

आता या बिननावी जर्सीवर काय काय चढलं ते बघा. 1985 च्या ऑल-आयर्लंड फायनलच्या दिवशी रविवारच्या वृत्तपत्रांत एक जाहिरात झळकली. केरीचे फुटबॉलपटू एका वॉशिंग मशीनभोवती अर्धवट कपड्यांत उभे. केरीने त्या दिवशी डब्लिनला हरवलं, पण चर्चा जाहिरातीचीच जास्त झाली. हौशी खेळाडूंनी आपला चेहरा विकला म्हणून टीका झाली. आणि त्यानंतर जेमतेम सहा वर्षांनी, 1991 मध्ये, जीएएने स्वतःच जर्सीवर प्रायोजकाचं नाव छापायला परवानगी दिली. केरीच्या छातीवर केरी ग्रुप आला, गॉलवेच्या छातीवर सुपरमॅक्स ही फास्ट फूडची साखळी. खेळाडूंनी परस्पर केलं तर ते हौशीपणाला बट्टा, संस्थेने केलं तर तो विकासनिधी. हा दुटप्पीपणा मला तरी या सगळ्या इतिहासात सर्वांत खटकतो.

खेळाडूंनाही तो खटकला असावा. 1999 मध्ये गेलिक प्लेयर्स असोसिएशन स्थापन झाली. 2007 मध्ये काउंटीच्या खेळाडूंनी संपाची तयारी दाखवली आणि सरकारला त्यांच्यासाठी अनुदान मान्य करावं लागलं. तो पगार नव्हे, सरावाचा आणि इतर खर्च भागावा म्हणून दिलेली रक्कम. तरीही पाठीमागे एक कुजबुज राहिली की हळूहळू हे व्यावसायिक होणार. नावाच्या वादाला धार आली ती इथून. नावाला विरोध करणाऱ्यांना खुपतं ते इंग्लिश प्रीमियर लीगचं चित्र. तिथे 1993-94 पासून प्रत्येकाला कायमचा नंबर आणि पाठीवर नाव मिळालं, आणि जर्सी ही दुकानात विकायची वस्तू झाली.

नाव आणि पैसा यांचं नातं मात्र इतकं सरळ नाही. न्यूयॉर्क यांकीज हा बेसबॉलमधला गडगंज संघ. 1929 पासून त्यांच्या पाठीवर नंबर आहेत, नाव अजूनही नाही. कसोटी क्रिकेटही व्यावसायिक होऊन कित्येक दशकं कोऱ्या पांढऱ्या शर्टांवर चालली. 1 ऑगस्ट 2019 ला एजबॅस्टनच्या अ‍ॅशेस कसोटीत पहिल्यांदा नाव आणि नंबर आले, तेव्हा जुन्या प्रेक्षकांनी नाकं मुरडली. आणि नंबर एकदा माणसाला चिकटला की काय होतं, ते आपण 2017 मध्ये बघितलंच. पालघरच्या शार्दुल ठाकूरने श्रीलंकेत 10 नंबर घातला आणि सचिनच्या चाहत्यांनी त्याला सळो की पळो करून सोडलं. शेवटी त्याने नंबर बदलला. गेलिक खेळांत नंबर जागेचा राहिल्यामुळे ही भानगड होत नाही, हा जुन्या पद्धतीचा फायदा मान्य केला पाहिजे.

नाव हवं म्हणणाऱ्यांच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट घडली ती 1 जानेवारी 2010 ला. त्या दिवसापासून हर्लिंगमध्ये सर्वांना जाळीचं हेल्मेट सक्तीचं झालं. निर्णय सुरक्षिततेसाठी होता आणि योग्यच होता. पण त्यामुळे पळण्याच्या ढबीखेरीज ओळखायचं काही उरलं नाही. शिवाय नंबरही पूर्वीसारखे बोलके राहिले नाहीत. 26 जणांची यादी आधी जाहीर होते, ऐनवेळी संघ बदलतो, आणि 20 किंवा 22 नंबरवाला सुरुवातीपासून सेंटर बॅकला उभा दिसतो. पत्रिका हातात असून उपयोग नाही. घरी टीव्हीवर बघणारा परदेशातला आयरिश किंवा नव्याने देशात आलेला प्रेक्षक तर गोंधळतोच.

मग नाव छापायचं ठरलं तरी छापायचं काय? केरीच्या संघात डॅरा, टोमास आणि मार्क हे तीन सख्खे भाऊ कित्येक वर्षं एकत्र खेळले. डॅरा मिडफिल्डला, बाकी दोघं बचावात, तिघांचं आडनाव ओ शे. त्यांचे काका पॉडी ओ शे स्वतः आठ ऑल-आयर्लंड पदकांचे धनी आणि काही काळ त्याच संघाचे प्रशिक्षक. आडनाव छापून कोणता ओ शे हे कळणार नाही, आणि नुसतं पहिलं नाव छापलं तर विरोधक म्हणतील, बघा, पोरखेळ सुरू झाला. त्यात आयरिश रूप की इंग्रजी रूप हा प्रश्न वेगळाच. काउंटीचं नाव आयरिशमध्ये मिरवणाऱ्या जर्सीवर खेळाडूचं नाव इंग्रजीत शोभणार नाही, आणि अनेक खेळाडू रोजच्या व्यवहारात इंग्रजीच रूप वापरतात.

जीएएला माणसांच्या नावांचं वावडं आहे असंही नाही. 21 नोव्हेंबर 1920 ला ब्रिटिश सुरक्षा दलांनी क्रोक पार्कवर गोळीबार केला, त्यात टिपररीचा खेळाडू मायकेल होगन मारला गेला. त्याचं नाव आज तिथल्या मुख्य स्टँडला आहे. इतर स्टँड क्युसॅक आणि डॅव्हिन यांच्या नावाने, फुटबॉलचा चषक सॅम मॅग्वायर, हर्लिंगचा लियम मॅकार्थी. पण ही सगळी नावं दिवंगतांची. हयात खेळाडूचं नाव जर्सीवर आलं तर जर्सीच्या विक्रीतला वाटा तो मागणार, ही धास्ती खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. केरीचा डेव्हिड क्लिफर्ड शिक्षकाची नोकरी करून खेळतो. त्याच्या नावाच्या जर्सी दुकानातून भराभर खपतील, त्याला मात्र त्यातलं काही मिळेलच याची खात्री नाही.

माझ्या मते क्लबच्या जर्सीला हात लावू नये. तिथे ती बॅग आहे तशीच बरी. काउंटीच्या मोठ्या सामन्यांत, निदान हर्लिंगमध्ये, नाव यायला हरकत नाही, पण विक्रीतल्या पैशाचा हिशेब आधी लेखी ठरला पाहिजे. बदल अशक्य नाहीत हे 2025 च्या मे महिन्यात दिसलं. कॅमोगी या महिलांच्या हर्लिंगमध्ये स्कॉर्टची, म्हणजे स्कर्टसारख्या दिसणाऱ्या शॉर्ट्सची, सक्ती होती. डब्लिन आणि किलकेनीच्या मुली सामन्याला साध्या शॉर्ट्स घालून उतरल्या, त्यांना कपडे बदलायला लावलं गेलं, आणि त्याच महिन्यात खास अधिवेशनात 98 टक्के मतांनी शॉर्ट्सला मुभा मिळाली.