सुरक्षा व्यवसायाचे प्रशिक्षण

इमारती, कारखाने, माल, रोकड आणि व्यक्ती यांच्या रक्षणाचे काम पगारी पेशा म्हणून करणाऱ्यांना दिले जाणारे व्यवसायशिक्षण. पहारेकरी, तपासणी कर्मचारी, अंगरक्षक, पर्यवेक्षक व सुरक्षा व्यवस्थापक यांचा त्यात समावेश होतो.

त्याचा उगम कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. अमेरिकी लेखक बहुधा ॲलन पिंकर्टन याच्या शिकागोतील गुप्तहेर संस्थेपासून सुरुवात करतात. तिची स्थापना १८५० ची सांगितली जाते. काही अभ्यासक १८५५ हे वर्ष धरतात. दुसरे मत लंडनचे. थेम्स नदीवरील मालचोऱ्या रोखण्यासाठी १७९८ मध्ये पॅट्रिक कोल्हून व जॉन हॅरियट यांनी नदी पोलीस दल उभारले. त्याचा बराचसा खर्च वेस्ट इंडीजच्या व्यापाऱ्यांनी उचलला आणि १८०० मध्ये ते सरकारी झाले. पिंकर्टनचा भर तपासावर होता. नदीवरचे दल चोरी होऊच नये म्हणून नेमलेले होते, त्यामुळे हे मत अधिक ग्राह्य वाटते. लंडन महानगर पोलिसांच्या १८२९ मधील सूचनांतही गुन्हा घडू न देणे हेच मुख्य उद्दिष्ट सांगितले आहे. पाठ्यपुस्तकांत या दलाचा संस्थापक, गृहमंत्री रॉबर्ट पील याच्या नावावर दिली जाणारी पोलिसकामाची नऊ तत्त्वे मात्र त्याने लिहिलेली दिसत नाहीत; त्यांची आजची मांडणी विसाव्या शतकातील असून चार्ल्स रीथ या इतिहासकाराच्या लेखनातून ती रूढ झाली असावी.

प्रशिक्षणाची सक्ती फार उशिरा आली. १९७० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या अहवालाने अमेरिकी पहारेकऱ्यांचे प्रशिक्षण तुटपुंजे असल्याचे दाखवले. खाजगी सुरक्षेचे नियमन करणारा कायदा ब्रिटनमध्ये २००१ मध्ये आणि भारतात २००५ मध्ये झाला. भारतातील २००६ च्या आदर्श नियमांनुसार वर्गात किमान १०० व प्रत्यक्ष कामाचे ६० तास, निदान २० कामाच्या दिवसांत पूर्ण करावे लागत. माजी सैनिक व पोलिसांना ४० आणि १६ तास पुरत. कवायत आणि शस्त्रे यांपुरती ही सवलत रास्त आहे. पण बहुतेक देशांत खाजगी रक्षकाला सामान्य नागरिकाहून फारसे जास्त अधिकार नसतात, आणि अडवावे कोणाला, हात कधी लावू नये, पोलिसांना केव्हा बोलवावे, हे गणवेशात आयुष्य काढलेल्यांनाही नव्याने शिकावे लागते.

अग्निशमन, प्रथमोपचार, गर्दीचे नियंत्रण व ओळखपत्रांची तपासणी हे विषय सर्वत्र असतात. नोंदवही लिहिण्याला अभ्यासक्रमात मिळते त्याहून बरेच अधिक स्थान हवे. ‘संशयित इसम आढळला’ ही नोंद पुढे कोणाच्याच उपयोगी पडत नाही. ‘रात्री २.१०, मागचे फाटक, निळा सदरा घातलेला पुरुष कुंपणाबाहेर उभा. हटकल्यावर निघून गेला’ ही नोंद न्यायालयातही टिकू शकते. डोळ्यांनी पाहिलेले आणि मनाने ताडलेले वेगळे लिहिणे सरावानेच जमते.

सामानाच्या क्ष-किरण तपासणीचे प्रशिक्षण अधिक तांत्रिक असते. पडद्यावर सेंद्रिय पदार्थ सहसा नारिंगी, धातू निळे आणि संमिश्र वस्तू हिरव्या दिसतात. घातक वस्तू क्वचितच येत असल्याने नजर ती सोडून देण्याचा संभव वाढतो, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणून विमानतळांवरील अनेक यंत्रे खऱ्या सामानाच्या चित्रात अधूनमधून शस्त्राची खोटी प्रतिमा मिसळतात आणि कर्मचाऱ्याने ती ओळखली की नाही हे नोंदवतात; नोकरी चालू असतानाही शिक्षण असे सुरू राहते.

व्यवस्थापकांसाठी १९५५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या एसिस या व्यावसायिक संघटनेची प्रमाणपत्र परीक्षा प्रसिद्ध आहे. अंगरक्षकांचे शिक्षण प्रामुख्याने खाजगी संस्थांकडे असून त्याचा दर्जा देशोदेशी भिन्न आहे.