गरम पाण्याच्या पेल्यावर फिरणारे इंजिन : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यशाळेतून आपण तयार घेतलेले, किंवा सुटे भाग नेऊन घरी जोडलेले हे छोटे इंजिन गरम पाण्याच्या पेल्यावर फिरते, बर्फाच्या तुकड्यांवर फिरते, आणि नीट जुळवलेले असेल तर थंडीच्या सकाळी नुसत्या तळहातावरही फिरते. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेकींचा आशय मात्र एकच असतो : पाणी अगदी उकळते घेतले होते, तरी दहा मिनिटांत यंत्र थांबले. अशा तक्रारीत पाण्याचे वर्णन सविस्तर असते, पण वरच्या तबकडीविषयी एक शब्दही नसतो. हे इंजिन उष्णतेवर चालते, हे म्हणणे अर्धेच खरे आहे; ते खालच्या आणि वरच्या तबकडीच्या तापमानांतील फरकावर चालते, आणि पेल्यातील पाणी कितीही गरम असले तरी वरची तबकडी तापू लागली की तो फरक आटत जातो. म्हणून हे माहितीपत्रक गरम बाजूपेक्षा थंड बाजूविषयी अधिक बोलते.

यंत्राच्या आत काय घडते

ॲल्युमिनियमच्या दोन गोल तबकड्या आणि त्यांच्यामध्ये बसवलेले ॲक्रिलिकचे कडे, अशी ही एक चपटी, हवाबंद डबी आहे. आमच्या नमुन्यात डबीचा आतला व्यास ९६ मिलिमीटर आणि आतली उंची १४ मिलिमीटर असते. डबीच्या पोटात ९० मिलिमीटर व्यासाची आणि ६ मिलिमीटर जाडीची फोमची हलकी चकती टांगलेली असते. तिला डिस्प्लेसर म्हणतात. ही चकती ६ मिलिमीटर वर-खाली होते, आणि तिच्या कडेने ठेवलेल्या ३ मिलिमीटरच्या फटीतून हवा ये-जा करते. चकती स्वतः काहीच ढकलत नाही, तिचे काम फक्त हवेला जागा बदलायला लावण्याचे आहे. ती वर गेली की हवा खाली उतरून तापलेल्या तबकडीला लागते, आणि ती खाली आली की तीच हवा वर जाऊन थंड तबकडीवर निवते.

बंद जागेतील हवेचे तापमान नेहमीच्या हवामानात १ अंशाने वाढले की तिचा दाब सुमारे तीनशेव्या हिश्श्याने वाढतो. त्यामुळे आतली हवा प्रत्येक फेऱ्यात सरासरी ९-१० अंश तापली आणि निवली, तर दाबात जेमतेम तीन टक्क्यांचा चढउतार होतो. वरच्या तबकडीवर १६ मिलिमीटर व्यासाची काचेची नळी आणि तिच्यात ग्रॅफाइटचा दट्ट्या बसवलेला आहे. या चढउतारामुळे त्या दट्ट्याला मिळणारा जोर पंचवीस-तीस ग्रॅम वजनाएवढाच असतो. दट्ट्या आपल्या क्रँकने, म्हणजे आसाला जोडलेल्या आखूड भुजेने, फ्लायव्हील (गती टिकवून धरणारे चाक) फिरवतो, आणि त्याच आसावरील दुसरा क्रँक, जो पहिल्याच्या पाव फेरा पुढे बसवलेला असतो, चकतीला वर-खाली करतो. हे पाव फेऱ्याचे अंतर चुकले तर यंत्र फिरत नाही, म्हणून सुटे भाग जोडताना आसावर कोरलेल्या दोन खुणा काटकोनात आहेत याची खात्री करून मगच स्क्रू आवळावा.

एक गंमत येथेच सांगण्यासारखी आहे. यंत्र गरम पाण्यावरून काढून बर्फावर ठेवले तर ते उलट्या दिशेने फिरू लागते, कारण आता खालची बाजू थंड आणि वरची बाजू उबदार झालेली असते. काही ग्राहकांनी हा बिघाड समजून यंत्र परत पाठवले होते. तो बिघाड नव्हे.

ही कल्पना कोठून आली

बंद हवेला आळीपाळीने तापवून आणि निववून चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ मध्ये घेतले. त्यांच्या इंजिनाला भट्टी लागे, आणि पुढची दीडशेहून अधिक वर्षे या जातीची इंजिने भट्टी किंवा ज्योतीवरच चालत राहिली. तत्कालीन युगोस्लाव्हियातील झाग्रेब विद्यापीठाचे प्राध्यापक इव्हो कोलिन यांनी १९८३ मध्ये मोठ्या चपट्या डबीचे असे इंजिन दाखवले, जे उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर सुरू होई आणि दोन्ही बाजूंतील फरक वीसएक अंशांपर्यंत खाली आला तरी फिरत राही. अमेरिकेतील विस्कॉन्सिनचे गणिताचे प्राध्यापक जेम्स सेन्फ्ट यांनी हेच काम पुढे नेले, आणि १९९० मध्ये त्यांचे एक इंजिन अवघ्या अर्ध्या अंशाच्या फरकावर फिरले. आमचा नमुना या घराण्यातलाच आहे. अर्ध्या अंशाचा दावा आम्ही अर्थातच करत नाही.

कोलिन यांचा एक साधा आडाखा आम्हाला फार उपयोगी पडला. चकती जेवढी हवा हलवते ते आकारमान आणि दट्ट्या जेवढे सरकतो ते आकारमान यांचे गुणोत्तर काढायचे असेल, तर ११०० या संख्येला अपेक्षित तापमान-फरकाने भागावे. फरक ४५ अंशांचा असेल तर उत्तर २४ च्या आसपास येते. आमची चकती सुमारे ३८ घनसेंटिमीटर हवा हलवते आणि दट्ट्याचा सरक १.६ घनसेंटिमीटर आहे. म्हणजे हे यंत्र गरम पाण्याच्या पेल्यासाठी आखलेले आहे. तळहातावर चालवायचे असेल तर फरक दहा-पंधरा अंशांवर येतो आणि गुणोत्तर ७५ ते ११० इतके लागते. म्हणून आम्ही डब्यात दट्ट्यासाठी लहान त्रिज्येचा आणखी एक क्रँक देतो. तो बसवला की दट्ट्याचा सरक कमी होतो. घरी यंत्र बनवणारी मंडळी हौसेने दट्ट्या मोठा घेतात, आणि मग मोठा दट्ट्या घेऊनही यंत्र का चालत नाही, असे विचारतात. या यंत्रात मोठ्या दट्ट्याचा तोटाच अधिक असतो, कारण एवढ्याशा दाबाला तेवढी हवा दाबून फेरा पूर्ण करणे जमत नाही.

यातून किती शक्ती मिळते

हा प्रश्न आम्हाला जवळजवळ प्रत्येक ग्राहक विचारतो, म्हणून उत्तर विक्रीआधीच स्पष्ट असावे. फ्रेंच अभियंता सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये दाखवून दिले, की उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राची कार्यक्षमता दोन तापमानांनी घातलेल्या मर्यादेच्या पुढे जाऊ शकत नाही. खालचे तापमान ९० अंश आणि वरचे ३० अंश असेल, तर निरपेक्ष मापात, म्हणजे २७३ मिळवून, ते ३६३ आणि ३०३ होते. ६० ला ३६३ ने भागले की मर्यादा साडेसोळा टक्के निघते. तळहात ३३ अंश आणि खोली २० अंश असेल तर हीच मर्यादा सव्वाचार टक्क्यांच्या आसपास राहते. ही झाली आदर्श यंत्राची गोष्ट. आपल्या यंत्रात बरीचशी उष्णता काहीही काम न करता फोम, हवा आणि कड्यातून सरळ वर निघून जाते.

आमच्या हिशेबाप्रमाणे या नमुन्यात प्रत्येक फेऱ्याला फार तर चार मिलिज्यूल काम मिळते, आणि मिनिटाला १५० फेरे धरले तर ते १० मिलिवॉटच्या आसपास जाते. त्यातलेही बरेचसे घर्षणात संपते. दहा वॉटच्या मोबाइल चार्जरसाठी अशी हजाराहून अधिक यंत्रे लागतील. म्हणून या यंत्रावर पंखा किंवा दिवा चालेल असे कोणी सांगत असल्यास त्यावर विश्वास ठेवू नये, ते सांगणारा आमचा विक्रेता असला तरीही.

कोकणातील उन्हवऱ्यासारख्या गरम पाण्याच्या कुंडांवर मोठे यंत्र बसवता येईल का, अशी विचारणा रत्नागिरीकडील ग्राहक करतात. कमी फरकावर मोठी शक्ती मिळवण्याचे प्रयत्न जगात झालेले आहेत. जॉर्ज क्लोद या फ्रेंच संशोधकाने १९३० मध्ये क्युबाच्या मातान्सास उपसागरात समुद्राचे वरचे उबदार आणि खोलवरचे थंड पाणी वापरून २२ किलोवॉट वीज निर्माण केली होती, पण पंपांनाच त्याहून अधिक वीज लागत होती. अलास्कातील चेना येथे ७४ अंशांच्या आसपास असलेल्या झऱ्याच्या पाण्यावर २००६ पासून वीज तयार होते. मात्र तेथे हवेऐवजी कमी तापमानाला उकळणारा द्रव वापरतात, आणि झऱ्याचे पाणी गरम असण्याइतकेच महत्त्व तेथे भरपूर थंड पाणी जवळ असण्याला आहे. हवेवर चालणारे यंत्र एवढ्या फरकात अवाढव्य होते. ते काम आमच्या आवाक्यातले नाही.

वापरताना

पेला रुंद तोंडाचा, पण तबकडीपेक्षा लहान असावा, म्हणजे वाफ कडेने वर जाऊन थंड तबकडीला लागणार नाही. पाणी उकळी बसल्यानंतर, साधारण ८५ ते ९० अंशांचे घ्यावे आणि तबकडीपासून बोटभर खाली ठेवावे. यंत्र पेल्यावर ठेवल्यावर मिनिटभर थांबून फ्लायव्हील बोटाने हलकेच फिरवावे. ते स्वतःहून सुरू होत नाही. वेग मंदावू लागला तर पाणी बदलण्यापूर्वी वरच्या तबकडीला हात लावून पाहावे. ती कोमट लागली तर तिच्यावर ओले फडके क्षणभर फिरवावे, किंवा शेजारी टेबलपंखा मंद लावावा. गारवा मिळताच वेग कसा वाढतो हे पाहिल्यावर इतर स्पष्टीकरणाची फारशी गरज उरत नाही. शाळेत प्रयोग दाखवणाऱ्या शिक्षकांनी हा भाग अवश्य करून दाखवावा.

यंत्र गॅसच्या शेगडीवर, तव्यावर किंवा मेणबत्तीवर कधीही ठेवू नये. आतली फोमची चकती १०० अंशांच्या आसपास मऊ पडून वाकडी होते, आणि वाकडी चकती बदलण्यासाठी डबी फोडावी लागते. अशी दुरुस्ती आम्ही मोफत करत नाही.

ऋतूचाही विचार करावा. विदर्भात मे महिन्यात खोलीचे तापमान ४२ अंश असेल तर ८५ अंशांच्या पाण्याने ४३ अंशांचा फरक मिळतो, आणि वितळत्या बर्फाने ४२ अंशांचा. निरपेक्ष तापमानाचा हिशेब केला तर बर्फाची मर्यादा तेरा टक्क्यांहून थोडी अधिक आणि पाण्याची बारा टक्के येते. उन्हाळ्यात बर्फच वापरावा, असे आम्ही सुचवतो ते यासाठी. त्याच महिन्यात तळहातावर यंत्र चालवण्याचा प्रयत्न करू नये, कारण हात आणि हवा यांत पुरेसा फरक उरत नाही. तो प्रयोग डिसेंबर-जानेवारीतील सकाळसाठी राखून ठेवावा. पावसाळ्यात बर्फ वापरल्यास आतल्या दमट हवेतील बाष्प खालच्या तबकडीवर जमते आणि फोमची चकती त्या ओलीला चिकटते. असे झाल्यास वरच्या तबकडीवरील लहान नायलॉन स्क्रू काढून यंत्र दिवसभर कोरड्या, उबदार जागी ठेवावे.

घरी बनवणाऱ्यांसाठी

आमच्याकडून सगळे सुटे भाग न घेताही हे यंत्र बनवता येते, आणि तसे करणाऱ्यांना आम्ही आनंदाने सल्ला देतो. दट्ट्या आणि नळी यांच्याऐवजी काचेची जुन्या पद्धतीची सिरिंज उत्तम चालते, मात्र ती तिरकी धरल्यावर आतला दट्ट्या स्वतःच्या वजनाने सहज घसरला पाहिजे. दोन जुन्या सीडी एकत्र चिकटवल्या की फ्लायव्हील होते. बेअरिंग लहान घ्यावे आणि त्यातील ग्रीस पेट्रोलने धुऊन काढावे. ग्रीसचा चिकटपणा एवढ्या क्षीण शक्तीला फार जड जातो. हे काम उघड्या हवेत आणि आगीपासून दूर करावे. दट्ट्याला तेल मुळीच लावू नये. सांध्यांतून हवा गळते का हे पाहण्यासाठी साबणाचे पाणी लावावे आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवावे. बुडबुडा दिसेल तेथे एपॉक्सी भरावे.

तबकड्या एकमेकींना जोडणारे बोल्ट नायलॉनचे असावेत. आमच्या पहिल्या तुकडीत आम्ही पोलादी बोल्ट वापरले होते, दिसायला ते सुबक होते, आणि त्या तुकडीतील यंत्रे पाच-सहा मिनिटांत दमून थांबत. पोलाद नायलॉनच्या सुमारे दोनशेपट उष्णता वाहून नेते हे आम्हाला ठाऊक होते. सहा बोल्टांनी एवढे बिघडेल असे मात्र वाटले नव्हते. त्या तुकडीतील यंत्र ज्यांच्याकडे अजून असेल त्यांनी कळवावे, नायलॉनचे बोल्ट आम्ही विनामूल्य पाठवू.

चकतीचा दांडा वाकल्यास तो पक्कडीने सरळ करू नये. डोळ्याला सरळ दिसणारा दांडा बुशमध्ये, म्हणजे तो ज्यातून सरकतो त्या नळीवजा भागात, घासतोच, आणि मग दोष इतरत्र शोधण्यात वेळ जातो. नवा दांडा आणि त्याच्याबरोबर जुळवलेला पितळी बुश आम्ही जोडीनेच देतो. मागवताना यंत्राच्या तळाशी कोरलेला क्रमांक लिहून पाठवावा.