नावं जुळली म्हणून मांडण्या एक होत नाहीत

ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या क्षेत्रात काय काय असतं आणि त्याची आपसात नाती काय, याची यंत्राला वाचता येईल अशी तार्किक मांडणी. अशा दोन मांडण्या एकत्र आणायच्या म्हटलं की ‘मॅपिंग’ आणि ‘मर्जिंग’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. आपण त्यांना जुळवणी आणि विलीनीकरण म्हणू.

जुळवणीत दोन्ही मांडण्या आपापल्या जागी राहतात. फक्त एका वेगळ्या कागदावर दुवे लिहायचे: इथला ‘कर्मचारी’ म्हणजे तिथला ‘नोकरदार’. दुवा चुकला तर तो खोडायचा, मूळ मांडण्यांना धक्का नाही.

विलीनीकरणात दोन्हीकडची विधानं आणि दुवे एका संचात येतात, आणि ते सगळे एकदम खरे मानावे लागतात. समजा, पहिली मांडणी म्हणते की कोणताही विद्यार्थी कर्मचारी नसतो. दुसरी म्हणते की अध्यापन साहाय्यक विद्यार्थीही असतो आणि नोकरदारही. दुवे वाचताना कुणालाच काही खटकणार नाही. विलीन केल्यावर रीझनर, म्हणजे विधानांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम, लगेच बोंब मारेल असं पुष्कळांना वाटतं, पण तो तसं करत नाही. अध्यापन साहाय्यक नावाचं कुणी असूच शकत नाही, असा निष्कर्ष तो मुकाट्याने काढतो. वर्ग (म्हणजे एका प्रकारच्या गोष्टींचा गट) रिकामा, पण संच सुसंगत, त्यात परस्परविरोध नाही! मग एके दिवशी खरीखुरी साहाय्यक नोंदीत येते आणि संच विसंगत होतो. अभिजात तर्कशास्त्रात विसंगतीतून वाट्टेल ते सिद्ध होतं, त्यामुळे त्यानंतरचं एकही उत्तर विश्वासाचं राहत नाही. म्हणून नुसत्या ‘सुसंगत आहे’ या शेऱ्यावर मी तरी कधी समाधान मानणार नाही. आधी कोणते वर्ग रिकामे पडले ते पाहावं.

भांडण नेमकं कुठे शोधायचं, याचं उत्तर तर्कशास्त्रज्ञ अब्राहम रॉबिन्सन यांच्या 1956 सालच्या एका प्रमेयात आहे. दोन सिद्धांत, म्हणजे इथे विधानांचे दोन संच, एकत्र आल्यावर विसंगत ठरत असतील, तर केवळ त्यांच्या सामाईक शब्दांत मांडलेलं एक तरी विधान असं असतं, जे एक सिद्ध करतो आणि दुसरा खोटं ठरवतो. आता हे शब्द सामाईक करतं कोण? जुळवणीच. (साम्यचिन्ह तेवढं दोघांकडे आधीपासून असतं.) दुवा लिहिताना निरुपद्रवी वाटतो, त्याची किंमत विलीनीकरणात कळते.

वरच्या पातळीवरच्या, म्हणजे वस्तू, घटना, काळ अशा सर्वसाधारण संज्ञांच्या ऑन्टॉलॉजींत ही किंमत मोठी असते. बीएफओ (बेसिक फॉर्मल ऑन्टॉलॉजी) ही त्यातलीच एक, 2021 मध्ये ती आयएसओ/आयईसी 21838-2 हे आंतरराष्ट्रीय मानक झाली. त्यात पंपासारखी वस्तू प्रत्येक क्षणी अख्खी हजर असते. तिला काळाचे तुकडे नसतात. आयएसओ 15926 या औद्योगिक मानकात तोच पंप काळातही पसरलेला असतो, आणि आजचा पंप हा त्याचा एक काप. ‘पंप म्हणजे पंप’ असा दुवा दिला की एकाच वस्तूला काळाचे तुकडे आहेतही आणि नाहीतही. त्यापेक्षा बीएफओमध्ये वस्तूच्या ‘इतिहासा’साठी स्वतंत्र संज्ञा आहे, तिकडचा पंप इकडच्या पंपाच्या इतिहासाशी जोडला तर वाद पुष्कळ निवळतो.

हे कोणत्या भाषेत लिहायचं? ओडब्ल्यूएल 2 या वेबसाठीच्या ऑन्टॉलॉजी-भाषेच्या डीएल या मर्यादित प्रकारात अनुमानाचं उत्तर नक्की मिळतं, पण नाती दोन पदांचीच. ‘अमुक हा तमुकाचा अमक्या वेळी भाग आहे’ हे तीन पदांचं नातं तिथे सरळ लिहिता येत नाही. 2007 सालच्या कॉमन लॉजिक या जास्त मोकळ्या तर्कभाषेच्या मानकात ते येतं, मात्र यंत्र उत्तर देऊन थांबेलच याची हमी जाते. ही भाषा ज्यावर उभी आहे त्या प्रथम-स्तरीय तर्कशास्त्राबद्दल (‘सर्व’ आणि ‘काही’ वस्तूंविषयी बोलणारं तर्कशास्त्र) अलोन्झो चर्च आणि अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञांनी हे 1936 मध्येच दाखवलं होतं. बीएफओ दोन्ही भाषांत मांडलेली आहे, ती उगाच नाही.

आणि विलीन करायलाच हवं असंही नाही. यंत्राला सामान्यज्ञान देण्यासाठी 1984 मध्ये सुरू झालेल्या सायक प्रकल्पात ज्ञान ‘मायक्रोथिअरीं’मध्ये, म्हणजे विधानांच्या छोट्या गटांमध्ये, विभागलेलं असतं. प्रत्येकीने स्वतःपुरतं सुसंगत राहायचं; शेजारणीशी पटलंच पाहिजे अशी सक्ती नाही.